आप्पांची दोन फुटी पट्टी

आप्पा, गेल्या आठवड्यात एक मुलगी येऊन तुम्हाला मोजून गेली. तुम्हाला म्हणजे तुमच्या ठोकळ्याला. तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी मी तो केला, त्यामुळे तुम्ही तो पाहिलेला नाही. पाहिला असतात तर काय म्हणाला असतात याचा मला अंदाज आहे, तरी सांगते. सागवानी फळ्या एकमेकींना जोडून, तुम्ही ओतकामाच्या मोठ्या लाकडी पॅटर्नसाठी जोडायचात तशाच, केलेला उभा ठोकळा आहे. उंचीला तुमच्याएवढा, रुंदीला तुमच्या खांद्यांएवढा, जाडीला तुमच्या छातीएवढा. नाक नाही, डोळे नाहीत, टोपी नाही. रंधा मारून, पॉलिश पेपरनं घासून सोडून दिलेला. पंधरा वर्षं तो उद्यमनगरातल्या शेडच्या कोपऱ्यात उभा आहे आणि पावसाळ्यात येणारा-जाणारा त्याला छत्री टेकवून ठेवतो. आता मुंबईच्या एका संग्रहालयानं तो कायमचा मागितला आहे. त्याची नोंद करायला ती मुलगी आली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, बोलायला गोड, आणि हातात बटण दाबलं की लाल ठिपका सोडणारं एक यंत्र.

मी नेमकं काय करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही एकदाच विचारलं होतंत, तेव्हा मी इंग्रजी शब्द फेकून मोकळी झाले होते. लिहिणारे लोक मला मिनिमलिस्ट म्हणतात. म्हणजे कमीत कमी करणारी. आपल्या गावात हे समजावणं अवघड आहे. इथे प्रत्येक चौकात कुणीतरी घोड्यावर बसलेलं असतं, घोड्याचे पुढचे दोन पाय वर असतात, आणि शिल्पकार म्हटलं की माणसं तेवढंच धरतात. मंगळवार पेठेत आपल्या समोर राहणाऱ्या काकू अजूनही दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येतात आणि विचारतात, "आगं, एवढं बडोद्याला जाऊन शिकून आलीस, एक घोडा तरी कर की." मी म्हणते, करते की. आणि परत ठोकळाच करते. कधी लाकडाचा, कधी लोखंडी पत्र्याचा. एखाद्या दाराएवढा, एखाद्या खाटेएवढा, आईच्या चुलीपुढच्या जागेएवढा. त्यात चेहरा नसतो, नक्षी नसते, गोष्ट नसते. राहतं ते फक्त माप. म्हणून मापाच्या बाबतीत मी भलती कडक आहे. दुसऱ्या शिल्पकाराचं माप चुकलं तर त्याच्याकडे निदान भाव असतो, हालचाल असते. माझं माप चुकलं तर माझ्याकडे दुसरं काहीच नाही, हे मी स्वतः कितीतरी ठिकाणी मोठ्या तोऱ्यात सांगितलं आहे.

आणि ते सांगताना तुमची पट्टी दाखवायची. दोन फुटी पोलादी पट्टी, एका टोकाला तुमच्या नावाची दोन अक्षरं पंचानं ठोकलेली. मी प्रत्येक काम तिनंच आखलं. टेप मी वापरत नाही. माझी कामं बाहेरगावी पाठवताना पेट्या करणारे सुतार दरवेळी कुरकुर करायचे की बाई, तुम्ही सांगितलेल्या मापाची पेटी केली, पण माल आत जात नाही. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले आहे. तुमचे टेप बाजारी आहेत, माझी पट्टी पॅटर्नमेकरची आहे, असं ऐकवलं आहे. एका सुताराला तर मी दोनदा पेटी करायला लावली. मुलाखतींत, व्याख्यानांत, पुस्तिकांत हेच छापून आलं आहे की बडोद्याला निघाले त्या दिवशी स्टेशनवर वडिलांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्वतःची पट्टी माझ्या हातात ठेवली. लोकांना ही गोष्ट फार आवडते. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं.

तर त्या मुलीनं लाल ठिपका तुमच्या टाळूवर टेकवला, आकडा वाचला आणि माझ्या यादीतल्या आकड्याशी ताडून पाहिला. मग म्हणाली, "मॅडम, आणखी एखादं काम मोजू का?" शेडमध्ये होती ती नऊच्या नऊ कामं तिनं मोजली. शेवटी हळूच म्हणाली, "सगळ्यांत एकच फरक येतोय. तुम्ही लिहिलंय त्याहून प्रत्येक काम थोडं मोठं आहे. साधारण शंभराला एक." मी हसले आणि पट्टी तिच्या पुढ्यात आपटली. तिनं आपला टेप शेजारी लावला. तुमच्या पट्टीवरचे चोवीस इंच तिच्या टेपवर सव्वाचोवीस भरत होते. मी डोळे बारीक करून, पट्टी उलटसुलट करून पाहिली. तुमच्या दोन अक्षरांच्या खाली आधीचं काहीतरी बारीक कोरलेलं होतं, ते तुमच्या ठोक्यांनी बुजलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पॅटर्नमेकरची पोर आणि श्रिंकेजची पट्टी ओळखता आली नाही? नाही आली. लोखंड ओतताना फुगलेलं असतं आणि गार होताना आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो, हे मला ठाऊक होतं. तुम्हीच सांगितलं होतं, मी बाकाखाली बसून भुशाचे डोंगर करायची तेव्हा. पण ती वाढ तुम्ही मनात हिशेब करून धरता, असं मला वाटायचं. वाढ पट्टीतच असते, तिचा इंचच मुळात लांब असतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला तुम्ही घासायला द्यायचात, रंग द्यायला द्यायचात, आखायला कधी दिलं नाहीत. मुलीला हे काम शिकवायचं ही गोष्टच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती, माझ्यासुद्धा.

मुलगी म्हणाली, काही बिघडत नाही मॅडम, कागदावरचे आकडे तेवढे बदलू. तिच्यासाठी खरंच काही बिघडलं नव्हतं. ती गेल्यावर मी दुपारभर त्या ठोकळ्यासमोर स्टूल टाकून बसले. कितीतरी वर्षांमागे ज्या पट्टीनं तुम्हाला मोजलं, तिनंच ठोकळा आखला, म्हणजे ठोकळा तुमच्याएवढाच आहे. खोटा आहे तो आकडा. पाच फूट चार इंच, पाच फूट चार इंच असं मी आयुष्यभर म्हणत आले आणि तुम्ही त्याहून अर्ध्या इंचानं तरी उंच होतात. याचं मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि नेमकं कशाचं हे मला कळेना. सगळं चुकलं आहे की काहीच चुकलेलं नाही, एवढंसुद्धा मला ठरवता येईना. त्यातून संग्रहालयाला आता ठोकळ्याबरोबर पट्टीही हवी होती, शेजारी काचेच्या पेटीत ठेवायला. तिच्याखाली लावायला दोन ओळी लिहून पाठवा, आठवड्यात पाठवा, असं मुलगी सांगून गेली होती.

त्या दोन ओळींनी मला धरलं. तुम्ही मला हीच पट्टी का दिलीत? शिल्पकला शिकायला निघालेल्या मुलीला साधी पट्टी द्यायची सोडून श्रिंकेजची? चुकून दिलीत म्हणावं तर हत्याराच्या बाबतीत तुमची चूक मी कधी पाहिली नाही. मुद्दाम दिलीत म्हणावं तर त्याचा अर्थ काय? पोरगी जे काही करेल ते बाहेरच्या जगात आकसणार, थोडं जास्तच असू दे, असं काही? मला हा अर्थ इतका आवडला की मी तो लिहूनही काढला, छान दोन ओळींत. मग माझी मलाच शंका आली. तुम्ही असं बोलणारे नव्हतात आणि असं वागणारेही नव्हतात. म्हणून शनिवारी सकाळी एसटीनं हातकणंगल्याला गेले. तुमच्या पॅटर्नवरून वाळूचे साचे भरणारे मोल्डर मामा अजून आहेत. नव्वदीला आलेत, कानानं कमी, पण डोकं लख्ख. दारात खाटेवर बसून म्हशीकडे बघत होते. मला आधी ओळखलं नाही. पट्टी पिशवीतून काढली तशी तिला मात्र ओळखली.

"ह्ये तुझ्या बाचं श्रिंकेज न्हवं?" ते म्हणाले. "कुठं घावलं?"

मी म्हटलं, "आप्पांनीच दिली होती मामा. बडोद्याला जाताना, स्टेशनवर."

"कुणी? कुठं?" मामांनी हात कानामागं धरला. मी पुन्हा ओरडून सांगितलं. "आगं पोरी, स्टेशनवर मी गेलतो की तुझी ट्रंक घिऊन. त्यानं तुला भडंगाचा पुडा दिला. जयसिंगपुरास्नं मुद्दाम आणल्याला. पेपरात बांदल्याला, ह्येवढा लांबडा. पट्टी कुठली?"

मी म्हटलं, तुमचा काहीतरी घोळ होतोय मामा. "घोळ न्हाय. ही पट्टी त्यानं म्हयनाभर हुडकली. माझी वाळूची चाळण न्हेली आणि दुकानातला समदा भुसा चाळला. मी बी चाळला. न्हाय घावली. तसली दुसरी हितं मिळत न्हवती. मग सरळ पट्टीवर काम केलं, आनी तिथंच घात झाला की."

घात काय झाला ते मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला हे सांगणं विचित्र आहे, तुमचंच तुम्हाला. पण मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा माझ्या तोंडून एकदा ऐका. ऑइल इंजिनाच्या बॉडीचं मोठं काम तुमच्याकडे आलं होतं, मी बडोद्याला गेले त्याच वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावर. तुम्ही साधी पट्टी घेतलीत आणि तीस वर्षांच्या सवयीनं आखत गेलात. वाढ धरायची असते हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक असेल? पण ती तुम्ही कधी धरलीच नव्हती, पट्टीच धरत आली होती, आणि हाताला काही पट्टी बदलल्याचं कळत नाही. अकरा बॉड्या ओतल्या गेल्या. अकराच्या अकरा बारक्या निघाल्या, मशीनवर घासायला मालच उरला नाही. कारखान्याचे मालक सगळ्यांच्या देखत म्हणाले, मिस्त्री, आता डोळे गेले तुमचे. "त्यो गप ऱ्हायला," मामा म्हणाले. "मी म्हटलं, आरं सांग की पट्टी हरावली म्हून. तर म्हणतो कसा, हत्यार हरावलं म्हून सांगण्यापरास डोळं गेलं म्हटल्यालं बरं." त्यानंतर मोठं काम तुमच्याकडे आलं नाही. जुने पॅटर्न दुरुस्त करायचे, चिरा बुजवायच्या, रंग मारायचा, एवढंच राहिलं.

मी विचारलं, "आप्पांना ठाऊक होतं का, पट्टी कुठं गेली ते?" मामांनी खांदे उडवले. "म्या इचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय. च्या घेनार न्हवं?" मी चहा घेतला. परत येताना बसमध्ये मला आईचं एक पत्र आठवत होतं. तिनं लिहिलं होतं की ह्यांचे डोळे अधू झालेत म्हणून हल्ली बारीकसारीकच कामं घेतात. ते वाचून बडोद्यात मला तुमची दया आली होती. पुढच्या वर्षी मला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा त्यातून मी तुमचा चष्मा केला. तुम्हाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, या वयाच्या मानानं नजर उत्तम आहे, नंबर नावाला आहे. मी तरी हट्टानं करायला लावला. आणि आप्पा, तो चष्मा तुम्ही शेवटपर्यंत घातलात. कारखान्यांच्या लोकांसमोर तर आठवणीनं घातलात. त्याचा मला केवढा अभिमान वाटायचा.

मी तुमची पट्टी घेतली होती का? हे मी तीन दिवस स्वतःला विचारते आहे. स्टेशनवरचा तुमचा हात मला आजही दिसतो, वर्तमानपत्राचा तो लांबट पुडा दिसतो. आणि दुसरंही दिसतं. कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस, दुकान बंद, माझ्याकडे किल्ली, मी पॉलिश पेपर घ्यायला म्हणून आलेली. बाकाचा वरचा ड्रॉवर, जो ओढताना जरा उचलावा लागायचा. तुमच्याकडे मागितली असती तर तुम्ही बाजारातून साधी, कोरी करकरीत आणून दिली असतीत. मला कोरी नको होती. मला तुमची दोन अक्षरं असलेली हवी होती, आणि असलं काही तुमच्यासमोर बोलायची आपल्या घरात पद्धत नव्हती. एक आठवण मी शेकडो वेळा लोकांना सांगितली आहे, दुसरी एकदाही नाही. सांगितलेलं खरं वाटायला लागतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मग मला मे महिन्यातला तो दिवस आठवला. पहिलं वर्ष संपवून मी सुट्टीला आले होते. वर्गात सगळ्यांना घरच्या माणसाचं मुखशिल्प करायला सांगितलं होतं आणि मी ठरवलं होतं की चेहरा करायचा नाही, वडिलांचं माप घ्यायचं. तुम्ही बाकावर एका जुन्या पॅटर्नच्या चिरेत लांबीची पुट्टी भरत होतात. मी म्हटलं, आप्पा, दाराला पाठ लावून उभे राहा, तुम्हाला मोजायचंय. तुम्ही पुटपुटत उठलात. मी झोळीतून पट्टी काढली. तुम्ही हात पुढे केलात आणि ती माझ्याकडून घेतलीत. शर्टाच्या टोकानं पुसलीत. अंगठा त्या दोन अक्षरांवरून एकदा गेला आणि थांबला. बाहेर कुणाची तरी लेथ चालू होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, बराच वेळ, आणि मग पट्टी परत माझ्या हातात दिलीत. टोपी काढून खुंटीला लावलीत, दाराला टाचा टेकवल्यात. मी खालून मोजायला लागले तेव्हा तुम्ही वरून म्हणालात, "सरळ धर. तिरकी धरलीस तर मी उगंच उंच हुईन." त्या वेळी तुमचं काम जाऊन सहा-सात महिने झाले होते. मी खांदे मोजले, छाती मोजली, मी सांगितलं तसे तुम्ही वळत गेलात.

म्हणजे दिलीत की नाही? तुमच्याच हातानं माझ्या हातात आली, जाणूनबुजून आली. कुणी याला दिली म्हणेल. मी घेतली तेव्हाच ती गेली, असंही कुणी म्हणेल, आणि त्या भुशात चाळण धरून बसलेले तुम्ही आणि मामा डोळ्यांसमोर आलात की मलाही तेच म्हणावंसं वाटतं. तुम्ही मला माफ केलंत, की माझी लाज राखलीत, की मला तिथल्या तिथे कायमचं अडकवलंत, हे मला समजत नाही. रागावला असतात तर बरं झालं असतं, असं म्हणणं सोपं आहे. तेव्हा तुम्ही रागावला असतात तर मी कदाचित परत बडोद्याला गेलेच नसते.

दोन ओळी मी काल पाठवल्या. "वडिलांनी दिलेली" असं आधी लिहिलं, खोडलं. "वडिलांना न विचारता घेतलेली" असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, "शिल्पकाराच्या वडिलांची पट्टी. पोलाद. दोन फूट पाव इंच." माप खरं आहे. त्या मुलीचं लगेच उत्तर आलं, की मॅडम, अगदी तुमच्या कामासारखं, एकही शब्द जादा नाही. ते वाचून मी फोन पालथा घातला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही आणि कुणाला दाखवायचंही नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. मघापासून मी गोंधळले आहे, मला आठवत नाही, दोन आठवणी आहेत असं म्हणत आले. आज मी गोंधळलेली आहे हे खोटं नाही. पण त्या दिवशी तुम्ही अंगठा थांबवून माझ्याकडे पाहत होतात, तेव्हा मी गोंधळले नव्हते आप्पा. तुम्ही आता विचाराल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, की तुम्हीच नाही का दिलीत, स्टेशनवर, पेपरात गुंडाळून? तुम्ही विचारलंच नाहीत. म्हणून ते उत्तर मी पुढे बाकीच्या सगळ्यांना दिलं.